भाकरी, पाणी आणि अप्पा

चैत्र निम्मा सरला की आमच्या गल्लीत ड्रम सरकवण्याचा आवाज सुरू होतो. निळा प्लास्टिकचा ड्रम फरशीवरून ओढला की घोगरा, पोकळ आवाज येतो आणि तो ऐकून पुढच्या घरातलं माणूसही आपला ड्रम बघायला उठतं. यंदा लातूरला पाणी तसं बरं आहे. नळ उशिरा येतो, पण येतो. तरी काल सकाळी शेजारच्या वहिनींनी ड्रम ओढला आणि चहाचं आधण ठेवता ठेवता माझा हात थांबला. तो उन्हाळा आठवला. अप्पांचा उन्हाळा.

मी इथल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. लातूरला मुलं येतात ती डॉक्टर व्हायला. आमच्या वर्गात येतात ती थोडी, आणि त्यातलीही बरीच दुसरीकडे जागा न मिळालेली. पण ग्रीकांचं प्रकरण आलं की ती जरा सावरून बसतात. सुख म्हणजे काय, ते कशात असतं, मन शांत कसं ठेवावं, ह्या प्रश्नांना वय नसतं. मी त्या लोकांची नावं फळ्यावर लिहिते, पण बोलताना दोनच शब्द वापरते. एक बागवाले, कारण त्यांचा गुरू आपल्या बागेत मित्रांना घेऊन बसायचा. दुसरे ओसरीवाले, कारण ते गावातल्या एका रंगवलेल्या ओसरीत शिकवायचे. बागवाला म्हणायचा, शरीराला दुखणं नसलं आणि मनाला घोर नसला की झालं सुख, त्याच्या वर काही नसतं. त्याला भाकरी आणि पाणी पुरे. भुकेल्याला भाकरी आणि तहानेल्याला पाणी मिळालं, की राजालाही त्याहून मोठं सुख मिळत नाही.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं सहज शिकवत आले होते. त्या वर्षी ते शिकवायला उभी राहिले तेव्हा शहराला रेल्वेनं पाणी येत होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. तुरीचा दाणा दाताखाली धरून ते माल कुठल्या रानातला ते सांगायचे, आणि चुकले तर स्वतःच जास्त हसायचे. माणसांशिवाय त्यांना करमत नसे. आई गेल्यावरही ते उदगीर सोडायला तयार नव्हते. पण साखरेनं त्यांच्या किडन्या खाल्ल्या. एक दिवसाआड डायलिसिस करायचं ठरलं आणि ते लातूरला आमच्याकडे राहायला आले, एक बॅग, एक चादर आणि गळ्यातलं इष्टलिंग घेऊन.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत. प्यायलेलं पाणी अंगात साठतं, पायांवर येतं, मग छातीत चढतं. डॉक्टरांनी एक लहान बाटली दाखवली आणि म्हणाले, दिवसभराचं एवढंच, आणि चहा, वरण, ताक, औषधाबरोबरचा घोटसुद्धा ह्यातच धरायचा. अप्पांनी ती बाटली हातात घेऊन फिरवून बघितली.

"एवढ्यात तर चिमणीचं बी भागायचं न्हाई, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर हसले. आम्हीही हसलो. हसण्याचा तो शेवटचा दिवस होता असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर हसायला कष्ट पडू लागले.

तो उन्हाळा म्हटला की मला आधी वास आठवतो. कोरड्या मोरीचा वास. अंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला. धुळीनं पांढरी पडलेली कडुलिंबाची झाडं. टँकर आला की उठणारी पळापळ, घागरी, हंडे, पेंटचे रिकामे डबे, कुणाच्या तरी हातात भाताचा कुकर. पाण्याच्या टाक्यांपाशी पोलीस बसलेले. लोकांनी ड्रमना कुलपं लावली होती. आमच्याही ड्रमला होतं, पण ते चोरांसाठी नव्हतं.

अप्पा चूळ भरायला मोरीत जायचे. मी दाराशी उभी राहायची. चूळ भरताना माणसाचा कंठ हलत नाही. त्यांचा हलायचा. मी म्हणायची, "अप्पा." ते उरलेलं पाणी थुंकायचे आणि माझ्याकडे न बघता बाहेर यायचे. ज्यांनी मला खांद्यावर बसवून उदगीरचा किल्ला दाखवला त्यांच्या गळ्याकडे मी अशी पहारेकऱ्यासारखी बघत होते. एकदा माझे यजमान उमाकांत म्हणाले, "तू जरा नजर हटव त्यांच्यावरून. मी बघतो." ते दोन दिवस दाराशी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही." परत मी उभी राहिले.

संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी मोठ्यानं वाचत करायची. अप्पा पलंगावर पडून ऐकायचे. त्यांना प्रश्न पडायचे ते सगळे व्यापाऱ्याचे.

"ह्या बागवाल्याचा धंदा काय होता?"

"धंदा नव्हता. मित्र मिळून राहायचे, बोलत बसायचे."

"मग बागेला पाणी कोण देत होतं?"

मी म्हटलं, ते पुस्तकात नाही. मग त्यांना मी बागवाल्यानं पाडलेल्या इच्छांच्या तीन जाती सांगितल्या. काही इच्छा निसर्गाच्या आणि गरजेच्या, जशी भूक, तहान. काही निसर्गाच्या पण गरजेच्या नव्हेत, जसं पंचपक्वान्न. काही दोन्ही नव्हेत, जसा मानमरातब. पहिल्या जातीच्या इच्छा भागवाव्यात, आणि बरं हे की त्या भागवायला सोप्या असतात.

"तहान पयल्या जातीत?"

"हो."

"आन् ती भागवायला सोपी?"

मी वही मिटली. बाहेर टँकरचा हॉर्न वाजत होता. उमाकांत घागर घेऊन पळाले. अप्पा म्हणाले, "जा, तू बी जा. त्यो एकटा काय काय धरंल."

ओसरीवाल्यांचंही सांगून बघितलं. जे आपल्या हातात नाही त्यावर जीव जाळू नये; आपल्या हातात असतं ते फक्त त्याबद्दल आपण काय मानायचं ते.  अप्पा म्हणाले, "तहान लागायच्या आधी लिवलं असंल त्यानं." ते काही खरं नव्हतं. त्या ओसरीवाल्यांतला एक जण गुलाम होता, लंगडा होता, त्यानं पुष्कळ सोसलं होतं. पण मी वाद घातला नाही. सुकलेल्या ओठांच्या माणसाशी मुद्दा जिंकून काय करायचं होतं मला?

तरी आज आठवतं ते असं की लातूरचे ते दिवस अप्पांनी निभावले. चिडचिड होती, पण रोजची. सकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत. रस्त्यानं रिकामी घागर घेऊन जाणारा प्रत्येक जण थांबे. "आला का हो मालक, टँकर?" "न्हाई बाबा. बसा घडीभर." मग रेल्वेच्या पाण्याची गोष्ट निघे, धरणाच्या तळाला पडलेल्या भेगांची, कुणी बोअर किती खोल नेलं आणि नुसती धूळ कशी उडाली त्याची. समोरच्या घरात नातवाला ओरडत असत, ग्लास भरून कशाला घेतलंस, अर्धा घे. अप्पा ते ऐकून माझ्याकडे बघत आणि भुवया उडवत. सगळं गाव त्यांच्यासारखं झालं होतं.

मग डायलिसिसच्या सेंटरनं सांगितलं की पाळ्या कमी कराव्या लागतील. त्या मशीनला पाणी लागतं, पुष्कळ लागतं, आणि तेही शुद्ध केलेलं. टँकरचा भरवसा नव्हता. तिथली सिस्टर हात जोडल्यासारखं करून म्हणाली, "मॅडम, नांदेडला कुणी असेल तर बघा. तिकडं गोदावरी आहे." त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. नांदेडला अप्पांची धाकटी बहीण होती, कमलआत्या. माझी परीक्षेची कामं संपली, सुट्टी लागली आणि मी अप्पांना घेऊन तिच्याकडे गेले.

नांदेडलाही त्या वर्षी पाणी जपूनच होतं, पण लातूरहून गेलेल्याला तो सुकाळ वाटला. आत्याच्या अंगणात एक दिवसाआड नळ वाहायचा. आत्या सडा टाकायची. मी पहिल्या दिवशी त्या सड्याच्या थेंबांकडे बघतच राहिले. तुळशीला पाणी, पायरीला पाणी, गल्लीतल्या गायीपुढे बादली. दारावरून बर्फाच्या गोळ्याची गाडी जायची. माणसं बोलायची ती लग्नाचं, बदलीचं, सोयरिकीचं. पाण्याबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

अप्पा चार दिवसांत उतरले. आधी मला वाटलं मशीन बदललं, सुया नीट टोचत नाहीत. पण ते बोलेनासे झाले. ओट्यावर बसेनात. आत्याच्या स्वयंपाकघरातून भांडं भरल्याचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायचे. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. ते म्हणाले, "अव्वा, मला लातूरला ने." आमच्या घरात लाडाच्या लेकीला अव्वा म्हणायची रीत, म्हणजे आईच.

"तिथं मशीनच्या पाळ्या मिळत नाहीत अप्पा. पाणी नाही तिथं."

"तेच म्हणतोय मी. तिथं सगळेच तहानलेले होते. इथं मी एकटाच."

 वर्गात मी मनाच्या शांतीवर किती बोलले होते. इच्छा कमी करा, मन शांत होईल. अप्पांची इच्छा लातूरला कमी नव्हती, तेवढीच होती. पण तिथं ती वाटून घेतलेली होती. बागवाल्याला हे कळत होतं बहुतेक, म्हणून त्यानं एकट्यानं भाकरी खाल्ली नाही, मित्र गोळा केले. पण हे कळून मी काय करणार होते? अप्पांसोबत राहावं म्हणून मी दोन दिवस त्यांच्याएवढंच पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. अप्पांना कळलं तेव्हा ते चिडले. "त्यानं मला काय होणार हाय? पी म्हणलं ना." त्यांच्यासमोर मला तांब्याभर पाणी प्यावं लागलं. त्यांनी घोट न् घोट बघितला.

एका दुपारी मी औषधं आणायला गेले होते. परत आले तर घर अगदी शांत होतं. अप्पा उशीला टेकून बसले होते. शेजारी आत्या, आणि दोघांच्या मध्ये रिकामा तांब्या. तांब्याच्या बाहेरच्या अंगाला अजून दव होतं, माठातलं पाणी असावं.

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा भाऊ हाय त्यो. मला बघवंना."

"आत्या, किती दिलंस?"

अप्पाच बोलले. "तिच्यावर ओरडू नको. मीच मागितलं."

मी ओरडले नाही. ओरडावं असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कपाळावरची शीर बसली होती. डोळे निवले होते. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा ते कशाचीही वाट बघत नव्हते. दुखणं नाही, घोर नाही. मी ते शब्द इतक्या वेळा फळ्यावर लिहिले होते आणि त्यांना चेहरा असतो हे तेव्हा बघत होते. अप्पांनी आत्याला लहानपणीची काहीतरी गोष्ट विचारली, बैलाच्या शिंगाला बांधलेल्या फुग्याची. दोघं हसले. मी औषधांची पिशवी हातात धरून तशीच उभी होते.

चहाच्या वेळेपर्यंत ते टिकलं. मग त्यांना धाप लागली. आडवं होता येईना, बसता येईना. रिक्षात मी त्यांना धरून बसले आणि आत्या समोरच्या कडेला बसून सारखं "दादा, दादा" म्हणत होती. दवाखान्यात घाईनं मशीन लावलं. डॉक्टर आम्हाला बोलले, आणि त्यांनी बोलायलाच हवं होतं. बाहेरच्या बाकावर आत्या पदर तोंडात कोंबून रडत होती. मी तिच्याजवळ बसले. तिला बोल लावावा तर माझ्या पहाऱ्यानं तरी अप्पांना काय दिलं होतं? आणि तिला बरोबर म्हणावं तर आत काचेपलीकडे ते श्वासासाठी मान ताणत होते. मी तिचा हात धरला आणि नुसती बसून राहिले.

मला वाटलं होतं, एकदा पोटभर पाणी मिळालं, आता ते थोडे निवतील. झालं उलटंच. आता ते रोज मागू लागले. आधी गोडीनं, मग रागानं. "परवा दिलं की न्हाई? मग आज का न्हाई?" एकदा मला म्हणाले, "वैरीण हाईस तू." थोड्या वेळानं त्यांनीच हाक मारली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.  तो हात जड होता, सुजलेला होता, आणि मनगटाच्या वर जिथं मशीनसाठी शीर जोडली होती तिथं रक्त गुरगुरताना मला कानाशी ऐकू येत होतं.

जूनच्या सुरुवातीची एक सकाळ. ते मशीनवर होते, मी शेजारी स्टुलावर. नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं. त्यांना बरं वाटत होतं त्या दिवशी. म्हणाले, "सांग काहीतरी. त्या तुझ्या बागवाल्याचं सांग. त्यो कसा मेला?"

मला खोटं सांगवेना. म्हटलं, "त्यालाही लघवीचाच आजार होता. मुतखड्यानं लघवी अडली होती. फार वेदना होत्या. पण शेवटच्या दिवशी तो म्हणाला म्हणे, की मी आनंदात आहे. मित्रांशी केलेल्या गप्पा आठवतोय आणि त्या आठवणींपुढं वेदना काही नाही."

अप्पांनी डोळे मिटले.  मला वाटलं झोपले. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मोंढ्यातल्या दोस्तांची नावं घेत होते ते. गुरुलिंग. हमीदभाई. देवणीचा बैलांचा व्यापारी, ज्याचं नाव त्यांना आठवेना. दुपारी दुकान अर्धं बंद करून पोत्यांना टेकून बसायचे सगळे, ते सांगायला लागले. कांदा फोडायचे, भाकरी असायची. हमीदभाई घरून ताक आणायचा, पितळेच्या चरवीत.

तिथं ते थांबले. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"आठवलं की आजून तहान लागते गं."

सिस्टर आली, मशीनवरचे आकडे बघून गेली. मी त्यांच्या ओठांवरून ओला कापूस फिरवला. त्यांनी तो दातात धरला, आणि मग स्वतःच सोडला.

त्यानंतरच्या आठवड्यात, असेच मशीनवर असताना, त्यांचा रक्तदाब एकदम खाली गेला. मी बाहेर गेले होते, पाणी प्यायलाच. त्यांच्यासमोर मी पीत नसे. परत आले तर पलंगाभोवती माणसं होती आणि मला दाराशीच थांबवलं.

उदगीरला नेलं. आम्हा लिंगायतांत दहन नाही, माणसाला बसवून मातीत ठेवतात. जमीन इतकी सुकली होती की खणणाऱ्यांच्या कुदळी ठणठण वाजत होत्या. अप्पांना अंघोळ घातली, भस्म लावलं, खुर्चीत बसवलं. मोंढ्यातले लोक आले होते. हमीदभाई काठी टेकत आले आणि एका बाजूला उभे राहिले. जंगम स्वामींनी पाण्याचं तीर्थ केलं आणि ते अप्पांच्या तोंडात घालायला घरच्यांनी एकेकानं पुढं यावं म्हणाले. उमाकांतनी पळीभर घातलं. आत्यानं घातलं, पण निम्मं भस्मावर सांडलं आणि तिथं एक काळी रेघ उमटली. मग पळी माझ्या हातात आली. मी एक पळी घातली. अजून एक घातली. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून खाली येऊन हनुवटीवर थांबत होतं.

स्वामींनी हात पुढं केला. "द्या बाई पळी. झालं."

मी म्हटलं, "अजून एक घालते."

ते हळू आवाजात म्हणाले, "आता आत जात न्हाई ते."

मी होय म्हटलं, आणि पळी परत भरून घेतली.